तीस रुग्णांचे आठ प्रबंध, की एकच चाचणी? : नागपुरातील भौतिकोपचार महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील भौतिकोपचार महाविद्यालयांचे प्राचार्य, पदव्युत्तर मार्गदर्शक आणि संस्थात्मक नीतिमत्ता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : कंबरदुखीवरील हस्तोपचारांचे संशोधन आणि पदव्युत्तर प्रबंधांची सध्याची पद्धत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी गेली १९ वर्षे पूर्व नागपुरात भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, लहानसा दवाखाना चालवते. दोन टेबले, दुखऱ्या भागाला विजेचा सौम्य प्रवाह देणारे एक आयएफटीचे यंत्र, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चार चटया आणि मी, एवढाच त्याचा पसारा. कळमना बाजारातले हमाल, इतवारीतल्या दुकानांत दिवसभर उभे राहणारे नोकर, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया आणि अलीकडे घरूनच संगणकावर काम करणारी तरुण मुले असे लोक माझ्याकडे येतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची तक्रार कंबरेची असते. मी त्यांना व्यायाम शिकवते, चार गोष्टी समजावून सांगते आणि हाताने उपचार करते. या शेवटच्या भागाबद्दल, म्हणजे ज्याला आपण मॅन्युअल थेरपी म्हणतो आणि ज्याची एक जुनी शाखा ऑस्टिओपॅथी या नावाने ओळखली जाते त्याबद्दल, मला हे पत्र लिहावेसे वाटले.

निमित्त साधे आहे. माझ्याकडे पूर्वी काम शिकलेली एक विद्यार्थिनी सध्या एमपीटीएच, म्हणजे भौतिकोपचाराची पदव्युत्तर पदवी, करते आहे. प्रबंधाचा आराखडा (सिनॉप्सिस) देण्याची मुदत जवळ आली म्हणून ती विषयांची यादी घेऊन आली. यादीतला पहिलाच विषय असा होता : जुनाट कंबरदुखीत मेटलंडची पद्धत आणि मलिगनची पद्धत या हस्तोपचाराच्या दोन पद्धतींची तुलना, ३० रुग्ण, १५ आणि १५ चे दोन गट, कालावधी चार आठवडे. मी तो कागद हातात धरून थोडा वेळ गप्प बसले, कारण माझा स्वतःचा प्रबंध शब्दशः याच विषयावर होता.

त्या प्रबंधाविषयी आधी सांगते, म्हणजे पुढची टीका मी कुठे उभी राहून करते आहे हे आपल्या लक्षात येईल. दोन्ही गटांत वेदनेचा आकडा सातावरून तिनाच्या आसपास उतरला, दोन्हींत पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा आहे का हे पारखण्याचा संख्याशास्त्राचा आकडा) हवी तेवढी लहान आली आणि ‘दोन्ही पद्धती परिणामकारक आहेत’ असा निष्कर्ष मी लिहिला. तोंडी परीक्षेत (व्हायवाला) एका बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, की केवळ व्यायाम आणि सल्ला मिळालेला तिसरा गट का घेतला नाही? मला उत्तर आले नाही, आणि वेळ संपत आल्यामुळे प्रश्न तिथेच राहिला. जे कोणी विचारले नाही ते आज स्वतःहून सांगते. एका गटातले चार जण तिसऱ्या आठवड्यानंतर फिरकले नाहीत. त्यांच्या जागी मी नवे चार घेतले आणि प्रबंधात त्याचा कुठेही उल्लेख केला नाही. कोणी सांगितले म्हणून मी तसे केले नाही, किंवा कोणी अडवलेही नाही. सगळे असेच करतात असा माझा समज होता. जे चार जण आले नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की कंटाळून एखाद्या हाडवैद्याकडे गेले, हे मला आजही ठाऊक नाही, आणि खरे तर तेच त्या प्रबंधातले सर्वांत मोलाचे चार आकडे होते. मरून बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा तो ग्रंथ कपाटात आहे. गेल्या १९ वर्षांत तो कोणी उघडल्याचे मला माहीत नाही, आणि न उघडला तेच बरे.

आता त्या ३० रुग्णांचे गणित पाहू, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. तीव्र, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या, कंबरदुखीवरील मणक्याच्या मॅनिप्युलेशनच्या (हाताने सांध्याला झटका देण्याच्या) चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. त्यात १५ चाचण्यांतील १,७११ रुग्णांची आकडेवारी एकत्र केल्यावर १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर साधारण १० मिलिमीटरचा फायदा दिसला. हाताच्या उपचाराचा परिणाम जिथे दिसतो तिथे तो या बेताचा असतो. कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये या पट्टीवरचे प्रमाणित विचलन (रुग्णारुग्णांतल्या आकड्यांचा फैलाव) २५ मिलिमीटर धरले, तर दोन गटांतला १० मिलिमीटरचा फरक ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी प्रत्येक गटात ९८ रुग्ण लागतात. १५-१५ च्या गटांनी तेवढ्याच खात्रीने फरक पकडायचा असेल, तर तो २५ मिलिमीटरहून मोठा असावा लागतो, म्हणजे हाताच्या उपचाराकडून आजवर जे मिळाले आहे त्याच्या अडीचपट. त्यातून आपण हाताच्या एका पद्धतीची तुलना हाताच्याच दुसऱ्या पद्धतीशी करतो, आणि तिथे फरक आणखीच लहान असणार हे उघड आहे. तेव्हा असा प्रबंध हाती घेण्यापूर्वीच त्याचा निष्कर्ष लिहून ठेवता येतो. दोन्ही गट सुधारतील, कारण माणूस दुखणे शिगेला पोचल्यावरच आपल्याकडे येतो आणि शिगेला पोचलेले दुखणे बहुधा काही आठवड्यांत आपसूकच थोडे उतरते. आणि दोन गटांत फरक दिसणार नाही, कारण तो दिसण्याइतकी माणसेच आपण घेतलेली नाहीत.

९८ चे दोन गट म्हणजे १९६. मध्येच सोडून जाणारे धरून ही संख्या २४० च्या घरात जाते. ३० रुग्णांचे आठ प्रबंध मिळूनही २४० च होतात. माझे म्हणणे एवढ्या एका ओळीत मावते. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

जगात या विषयावर काम झालेले नाही अशातला भाग नाही, आणि ते काम आपल्या वर्गांत पुरेसे शिकवले जात नाही याची मला खंत वाटते. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी वैद्याने १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. १८६४ मध्ये मेंदुज्वराने त्याची तीन मुले दगावली होती आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. शरीराची रचना नीट बसवली की शरीर स्वतःला बरे करते, ही त्याची श्रद्धा होती. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर आज पूर्ण अधिकाराचे डॉक्टर आहेत. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथीच्या व्यवसायाचे नियमन झाले. परंतु श्रद्धेपासून पुराव्यापर्यंत यायला या शाखेला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि जो पुरावा हाती आला तो भक्तांना आवडणारा नाही आणि टीकाकारांनाही पुरता सोयीचा नाही.

१९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली चाचणी पाहा. कंबरदुखीचे १७८ रुग्ण, एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला ऑस्टिओपॅथीचे हस्तोपचार. १२ आठवड्यांनी वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गट सारखेच निघाले; मात्र हस्तोपचार घेतलेल्यांना औषधे कमी लागली. ज्या घरात महिन्याच्या किराण्याबरोबर वेदनाशामक गोळ्यांचे पाकीटही आणले जाते आणि ज्या माणसाच्या मूत्रपिंडांची कोणी कधी तपासणी केलेली नसते, तिथे हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. गोळ्या मोजण्याचे काम आपल्या किती प्रबंधांत झाले आहे?

ब्रिटनमधल्या बीम या चाचणीत १,३३४ रुग्ण होते. तिचा अहवाल २००४ मध्ये आला. २४ गुणांच्या अक्षमतेच्या प्रश्नावलीवर मॅनिप्युलेशनने तीन महिन्यांनी १.६ गुणांचा आणि वर्षाअखेरीस १ गुणाचा जादा फायदा दिला. फायदा खरा होता, पण लहान होता. त्यानंतर २०१३ मध्ये टेक्सासमधील ४५५ रुग्णांच्या चाचणीत ऑस्टिओपॅथी घेतलेल्या ६३ टक्के लोकांची वेदना किमान ३० टक्क्यांनी उतरली. ज्यांना बतावणीचा, म्हणजे खऱ्यासारखा भासणारा पण खरा नसलेला, उपचार मिळाला होता त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते. हे वाचून हुरूप येतो न येतो तोच २०२१ ची फ्रान्समधली चाचणी समोर येते. ४०० रुग्ण, दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे सहा बैठका, आणि समोरच्या गटाला केवळ हलका स्पर्श. तीन महिन्यांनी अक्षमतेच्या १०० गुणांच्या पट्टीवर दोन गटांत ३.४ गुणांचा फरक निघाला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फरक होता, पण रुग्णाच्या रोजच्या आयुष्यात तो जाणवेल का याबद्दल संशोधकांनीच शंका व्यक्त केली. टेक्सासच्याच संशोधकांच्या २००३ च्या ९१ रुग्णांच्या चाचणीत तर खरा उपचार आणि बतावणी हे दोन्ही गट काहीच न मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरले होते आणि आपसांत मात्र सारखे होते.

या चाचण्या एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट दिसते. तुलना कशाशी केली यावर उत्तर ठरते. ‘काहीच नाही’शी तुलना केली की हात जिंकतो, दुसऱ्या चांगल्या उपचाराशी केली की बरोबरी होते आणि कसून केलेल्या बतावणीशी केली की अंतर बोटभर उरते. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांच्या आणि ९,२११ रुग्णांच्या २०१९ मधल्या आढाव्यानेही मॅनिप्युलेशनला शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या बरोबरीचे स्थान दिले, वरचढ नाही. म्हणूनच उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये असे सांगितले की हस्तोपचारांचा विचार करायचा तो व्यायामासह असलेल्या उपचाराचा भाग म्हणूनच, सुटा नव्हे. डिसेंबर २०२३ मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनीही जुनाट कंबरदुखीसाठी मॅनिप्युलेशनला जागा ठेवली आहे. याच सूचनांत कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणे) यांची शिफारस मात्र केलेली नाही. नागपुरातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानाबाहेर लटकणारे पट्टे आणि आपल्याच ओपीडीतली ट्रॅक्शनची टेबले आठवून हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे.

आता टेबलाजवळची एक गोष्ट सांगते. मागच्या हिवाळ्यात कळमन्यातला एक हमाल आला. मिरचीचे पोते उचलताना कंबरेत चमक निघाली होती. एमआरआय कोणी तरी आधीच काढायला लावला होता आणि अहवालातले ‘एल चार-एल पाच’ हे शब्द त्याला तोंडपाठ होते. मी त्याला पालथे झोपवले, मणक्याजवळ दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू दाब देत गेले, मग कुशीवर वळवून मोबिलायझेशन केले, म्हणजे झटका न देता सांधा हळूहळू हलवला. उठल्यावर तो वाकला, बोटे गुडघ्याखाली गेली, येताना जात नव्हती. तरी तो नाराज होता. म्हणाला, “आवाज नाही आला मॅडम. मंग गादी बसली कशी?”

त्याचे चुकले कुठे? सांध्याचा कट्ट आवाज हा द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा आवाज आहे, हे २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांची एमआरआयवर चलत्-चित्रे घेऊन दाखवण्यात आले. हाड जागेवर बसण्याशी त्याचा संबंध नाही. १९९८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी १० रुग्णांच्या त्रिकास्थीच्या सांध्याचे मॅनिप्युलेशन करून, आधी आणि नंतर अतिशय सूक्ष्म मोजमापाचे क्ष-किरण घेतले. हाताने केलेल्या परीक्षा आधी ‘सांधा सरकलेला’ सांगत होत्या आणि नंतर ‘सांधा बसला’ असे सांगू लागल्या. क्ष-किरणांत सांधा तसूभरही हललेला नव्हता. म्हणजे बदलले काय? स्नायूंचा ताठरपणा, मज्जारज्जूतून जाणाऱ्या वेदनेच्या संदेशाची तीव्रता, रुग्णाची भीती, आणि कदाचित तपासणाऱ्याच्या बोटांतली अपेक्षासुद्धा. आपण मात्र अजून ‘अलाइनमेंट’ आणि ‘रोटेटेड’ हे शब्द रुग्णांपुढे वापरतो. तो हमाल आवाजाची वाट पाहत होता, कारण गादी सरकते आणि बसवावी लागते हे त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवले आहे. वास्तविक ज्यांना कंबरदुखीचा लवलेश नाही अशा ३,११० लोकांच्या चित्रांचा २०१५ चा आढावा सांगतो, की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे याच गाद्या, झिजलेल्या दिसतात.

आमच्या लोकांकडे या बाबतीत आधीपासूनची शहाणीव आणि भाबडेपणा दोन्ही आहेत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, ही रीत माझ्या लहानपणी गल्लीत पाहिलेली आहे. आमच्या शेजारच्या पायाळू काकूंना सकाळी सकाळी बोलावणे यायचे. त्यावर मी हसत नाही. उसण तीन-चार दिवसांत तशीही उतरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकूंचा पाय लागला की श्रेय काकूंना मिळते. माझ्या प्रबंधाने मेटलंड आणि मलिगन यांना दिलेले श्रेय याहून फार वेगळ्या जातीचे होते असे मला आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

यातच शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमांचे पेव फुटले आहे. हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस, दुपारचे जेवण, गटाचा फोटो आणि सोमवारी दवाखान्याच्या पाटीवर ‘ऑस्टिओपॅथी’ची भर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या प्रशिक्षणाचे जे मापदंड प्रसिद्ध केले, त्यांत आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्यासाठी ४,२०० तासांचे शिक्षण आणि त्यात किमान १,००० तास देखरेखीखालचा रुग्णानुभव सांगितला आहे. आधीच आरोग्य व्यावसायिक असलेल्यांना त्यात सवलत आहे, पण ती दोन दिवसांपर्यंत खाली येणारी खचितच नाही.

आपण विचाराल, बाहेर एवढ्या चाचण्या झाल्या असतील तर नागपुरात आणखी एक कशाला? बाहेरच्या चाचण्यांतला माणूस आणि माझ्या टेबलावरचा माणूस एक नाहीत, म्हणून. त्यांच्या प्रश्नावलीत ‘आवडत्या खुर्चीत किती वेळ बसू शकता’ असे विचारलेले असते. माझ्या रुग्णाला जमिनीवरून उठता येते का, उकिडवे बसता येते का, मांडी घालून पंगतीत पूर्ण जेवण होते का, पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येते का, हे प्रश्न आहेत. प्रश्नावलीचे केवळ भाषांतर करून भागणार नाही. प्रश्नच इथले असावे लागतील आणि ते इथल्या माणसांवर आधी पारखून घ्यावे लागतील. दुसरे असे, की विदर्भात कंबर आणि खुबा दुखण्यामागे जी कारणे असू शकतात ती पॅरिसच्या दवाखान्यात क्वचितच दिसतील. मणक्याचा क्षय आपल्याकडे आहे, आणि क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका देणे म्हणजे माणसाला अपंग करणे. सिकलसेलचे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. त्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून सुरू झालेले दुखणे कंबरदुखी म्हणून येते. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने ताठर झालेले कणे आहेत. कोणाला हात लावायचा नाही, हे ठरवण्याची इथली पद्धत कोणीतरी इथे बसून लिहायला हवी. केवळ ती लिहिली गेली तरी निम्मे काम झाले असे मी समजेन.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून एक प्रश्न निवडावा आणि त्यावर एकच संहिता, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा, लिहावी : जुनाट कंबरदुखीत व्यायाम आणि सल्ला यांच्या जोडीला खरा हस्तोपचार दिला, तर तो त्याच व्यायाम-सल्ल्याच्या जोडीला दिलेल्या हलक्या स्पर्शाहून किती अधिक उपयोगी पडतो? आठ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ३० रुग्ण याच संहितेखाली घ्यावेत. कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे बंद, अपारदर्शक लिफाफ्यांतून ठरावे, आणि ते लिफाफे रुग्णाशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच व्यक्तीच्या ताब्यात असावेत. मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नसावा. रुग्णाला शेवटी विचारावे, की आपल्याला कोणता उपचार मिळाला असे वाटते. बतावणी वठली की फसली हे त्यावरून कळेल. आपल्याकडे ही बतावणी वठवणे अवघडच आहे, कारण अर्धे रुग्ण कट्ट आवाजाच्या आशेने येतात. त्यामुळे खऱ्या गटातही आवाज न करणारे मोबिलायझेशन ठेवावे असे माझे मत आहे. जाणकारांनी यावर जरूर वाद घालावा.

प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रबंध स्वतंत्र असावा लागतो, ही अडचण मला ठाऊक आहे. तिच्यातून वाट आहे. एकाच चाचणीत एकीने गोळ्यांचा हिशेब ठेवावा, दुसऱ्याने कामावर परतण्याचे दिवस मोजावेत, तिसरीने उपचारानंतरच्या दुखरेपणाची आणि इतर त्रासांची नोंद घ्यावी, चौथ्याने दोन तपासनिसांची बोटे एकाच मणक्याबद्दल एकच सांगतात का हे तपासावे. असे विषय आठच काय, बारा निघतील. मूळ आकडे मात्र एकत्र राहतील आणि मुख्य प्रश्नाचे उत्तर सगळ्यांच्या नावाने प्रसिद्ध होईल. चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे आगाऊ नोंदणीच स्वीकारली जाते. मी केली तशी चार माणसांची अदलाबदल त्यानंतर सहज करता येणार नाही.

नीतिमत्ता समित्यांना एक विशेष विनंती. बतावणीच्या गटाला व्यायाम आणि सल्ला पूर्ण मिळणार असेल आणि संमतीपत्रात सगळे स्पष्ट मराठीत लिहिलेले असेल, तर त्या गटावर अन्याय होत नाही. याउलट उत्तर मिळण्याची शक्यताच नसलेल्या प्रबंधासाठी ३० माणसांची महिनाभराची मजुरी बुडवणे हा अन्याय आहे, आणि तो आपण दरवर्षी बिनबोभाट मंजूर करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शास्त्रीय दृष्ट्या निकस संशोधन हे नीतीच्या कसोटीवरही उतरत नाही. रुग्णाला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. पैसा लागेल, पण आठ प्रबंधांच्या सोनेरी बांधणीत जाणारा खर्चही काही कमी नसतो, असे थोड्या खोडसाळपणे सुचवते.

माणसे टिकवणे हे सर्वांत जड काम असेल. सोयाबीन निघाले की गावाकडचे रुग्ण गायब होतात, पोळ्याच्या आणि मारबतीच्या आठवड्यात शहरातले येत नाहीत, डिसेंबरात अधिवेशनाच्या मोर्चांमुळे सीताबर्डीपलीकडून येणाऱ्याला पाऊण तास जादा लागतो, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता आपणही घराबाहेर पडणार नाही. वेळापत्रक हे सगळे धरून आखावे, तीन महिन्यांनंतरची विचारपूस फोनवर किंवा घरी जाऊन करावी, आणि जो आला नाही त्याच्या नावापुढे तो का आला नाही हे लिहावे.

निकाल उलटा लागला तर काय, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. हाताचा उपयोग हलक्या स्पर्शाइतकाच निघाला, तर माझ्या रोजच्या कामातला जवळपास अर्धा वेळ मोकळा होईल आणि मिळकतीलाही फटका बसेल, कारण लोक व्यायामाचे पैसे कुरकुरत देतात आणि हात लावल्याचे आनंदाने देतात. भीती वाटतेच. पण आज मी त्या हमालाच्या कंबरेवर अंगठे ठेवते तेव्हा त्या दाबाचा किती भाग कामाचा आणि किती भाग माझ्या सवयीचा, हे मला सांगता येत नाही, आणि तो माझ्याकडे १५ दिवसांतून एकदा अर्ध्या रोजावर पाणी सोडून येतो.

या कामासाठी माझ्या दवाखान्याची एक खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ ते ५ या वेळात मोकळी ठेवता येईल. तपासणीचे टेबल, वजनकाटा आणि कोनमापक तिथेच आहेत. कळमन्याच्या हमालांशी बोलणी मी करून देईन; त्यांचे मुकादम मला ओळखतात. माझा जुना प्रबंधही, कोणाला चुका दाखवण्यासाठी वर्गात हवा असेल, तर घेऊन जावा. त्या चार जणांची पाने कुठली, ती मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक भौतिकोपचारतज्ज्ञ, पूर्व नागपूर